ब्रिटनची लढाई: ज्यांची नावं मागे पडली ती माणसं

तटबंदी:

दुसऱ्या महायुद्धावर इथे बरेच धागे येऊन गेले. ब्रिटनचा विषय निघाला की मात्र चर्चा चर्चिलच्या भाषणांपाशी येऊन थांबते. भाषणं थोर होती, त्यात वाद नाही. पण १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन हवाई हल्ल्यांपुढे, म्हणजे ब्रिटनच्या लढाईत, देश ज्यांच्यामुळे तगला त्यांतल्या दोघांना वर्ष संपायच्या आत पदावरून हलवण्यात आलं, आणि आज इतिहासाची आवड असलेल्यांनाही त्यांची नावं पटकन आठवत नाहीत. मला ही गोष्ट मनापासून खटकते, म्हणून हा धागा.

सुरुवात १६ मे १९४० पासून करतो. तीनच दिवसांपूर्वी जर्मन सैन्य सदाँजवळ म्यूज नदी ओलांडून फ्रान्समध्ये घुसलं होतं. फ्रेंच पंतप्रधान पॉल रेनो लंडनकडे आणखी लढाऊ विमानं मागत होते. चर्चिलना पंतप्रधान होऊन आठवडाही झाला नव्हता, आणि मित्राला वाऱ्यावर सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. अशा वेळी लंडनच्या वायव्येला स्टॅनमोर इथल्या बेंटली प्रायरीत बसलेल्या एका अबोल, काहीशा तुटक माणसाने हवाई मंत्रालयाला पत्र लिहिलं. हे ह्यू डाउडिंग, ब्रिटनच्या लढाऊ विमानांच्या दलाचे, म्हणजे फायटर कमांडचे, प्रमुख. आदल्या दिवशी त्यांनी मंत्रिमंडळासमोर जाऊन आपलं म्हणणं मांडलं होतं, आता तेच त्यांनी लेखी दिलं.

पत्र दहा मुद्द्यांचं आहे आणि त्यात एकही शब्द अलंकारिक नाही. ते लिहितात: देशाच्या बचावासाठी ५२ स्क्वाड्रन (विमानांच्या तुकड्या) लागतील असा तुमचाच अंदाज होता, माझ्याकडे आता ३६ उरल्या आहेत. गेल्या काही दिवसांत दहा स्क्वाड्रनच्या तोडीची विमानं फ्रान्सला गेली. तेव्हा किमान किती विमानं इथे ठेवणार आणि त्याखाली जाणार नाही, हे मला लेखी कळवा. शेवटच्या मुद्द्यात ते सांगतात की फ्रान्सची परिस्थिती सावरण्याच्या धडपडीत घरचं बळ संपवलं, तर फ्रान्सच्या पराभवापाठोपाठ या देशाचाही कायमचा पराभव होईल, आणि तो मग कशानेही भरून निघणार नाही.

हे पत्र गेलं आणि विमानं थांबली, असं एका दिवसात झालं नाही. त्याच दिवशी चर्चिल पॅरिसला गेले आणि तिथून त्यांनी आणखी सहा स्क्वाड्रन मागितल्या. मधला मार्ग म्हणून त्या इंग्लंडमधल्या तळांवरूनच उडवायचं ठरलं, आणि पुढच्या काही दिवसांत फ्रान्सकडचा ओघ थांबला. नव्या, धडाडीच्या पंतप्रधानाला नको असलेली गोष्ट भर युद्धात कागदावर मांडून ठेवायला जी छाती लागते, तिची दखल आपण कधी घेतली आहे का?

डाउडिंग इथवर आले कसे? १९३० पासून ते हवाई दलात संशोधन आणि पुरवठ्याचं काम बघत होते. १९३५ च्या सुरुवातीला हवाई मंत्रालयाने रॉबर्ट वॉटसन-वॉट यांना विचारलं की रेडिओलहरींनी शत्रूचा वैमानिक मारता येईल का. त्यांनी हिशोब दिला आर्नल्ड विल्किन्स या हाताखालच्या शास्त्रज्ञाकडे. विल्किन्सनी आकडेमोड करून सांगितलं, मारता येणार नाही, पण विमानावर आपटून परत येणारी लहर पकडता येईल. विमान जवळून गेलं की संदेशात अडथळा येतो, ही टपाल खात्याच्या इंजिनीअरांची नोंद त्यांना ठाऊक होती. पैसे देण्याआधी प्रत्यक्ष करून दाखवा, असं डाउडिंगनी बजावलं. २६ फेब्रुवारी १९३५ ला डॅव्हेंट्रीजवळच्या शेतात एक गाडी उभी करून, बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या लहरी वापरून, वरून जाणारं एक हेफर्ड विमान खरोखर टिपण्यात आलं. त्यानंतर डाउडिंग या तंत्रामागे, म्हणजेच रडारमागे, ठामपणे उभे राहिले.

रडार जर्मनांकडेही होतं. डाउडिंगनी त्याभोवती जी व्यवस्था उभी केली ती कुणाकडे नव्हती. किनाऱ्यावरचे रडारचे मनोरे समुद्राकडे बघायचे. विमानं किनारा ओलांडून आत आली की डोळ्यांनी आणि कानांनी माग ठेवणारे ऑब्झर्व्हर कोअरचे हजारो स्वयंसेवक. स्वयंसेवकांच्या खबरा त्यांच्या केंद्रांमार्फत पुढे जायच्या, आणि रडारचे फोन बेंटली प्रायरीच्या फिल्टर रूममध्ये. तिथे खरं-खोटं निवडून बातमी एकाच वेळी सगळ्या तळांना. त्यामुळे इंग्लंडवर दिवसभर विमानं फिरवत ठेवायची गरज उरली नाही. शत्रू जिथे यायचा, तिथेच आणि तेव्हाच आपली विमानं पाठवता यायची.

आणखी एक नाव इथे घ्यायलाच हवं: सर थॉमस इन्स्किप. पेशाने वकील. १९३६ मध्ये त्यांना संरक्षण समन्वय मंत्री केलं, तेव्हा रोमन सम्राट कॅलिग्युलाने घोड्याला कॉन्सल (रोममधलं सर्वोच्च पद) केलं त्यानंतरची सर्वांत अजब नेमणूक अशी त्यांची टर उडवली गेली. तेव्हाचं हवाई दल बॉम्बफेकी विमानांच्या मोहात होतं. बॉम्बफेकं विमान कसंही करून आत शिरणारच, हे ब्रिटिश नेते बॉल्डविन यांनी १९३२ मध्ये संसदेत सांगितल्यापासून सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं. डिसेंबर १९३७ मध्ये इन्स्किपनी हवाई दलाच्या मताविरुद्ध जाऊन सांगितलं की आपलं पहिलं काम जर्मनीला एका फटक्यात पाडणं नाही, जर्मनीने आपल्याला एका फटक्यात पाडू नये हे आहे, म्हणून पैसा लढाऊ विमानांवर लावा. मंत्रिमंडळाने ते मानलं. माझ्या मते ब्रिटनची लढाई जिंकायला सुरुवात झाली ती इथे.

आणि शेवट? २५ नोव्हेंबर १९४० ला डाउडिंगची जागा शोल्टो डग्लसनी घेतली. दक्षिण-पूर्व इंग्लंड प्रत्यक्ष लढवणारे ११ नंबर ग्रूपचे प्रमुख कीथ पार्क यांनाही डिसेंबरमध्ये हलवलं आणि प्रशिक्षणाच्या कामावर पाठवलं. १९४१ मध्ये हवाई मंत्रालयाने या लढाईवर एक पुस्तिका काढली, ती लाखोंनी खपली. तिच्यात डाउडिंगचं नाव एकदाही नाही. हे खुद्द चर्चिलनाही सहन झालं नाही, त्यांनी मंत्रालयाला खडसावलं.

तुम्हाला अशी कोणती माणसं, कोणती वळणं माहीत आहेत? लिहा. भारताशी, महाराष्ट्राशी संबंध असलेली असतील तर तीही येऊ द्या.

सुतळी:

वाचनखूण साठवली. इन्स्किप हे नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. कीथ पार्कबद्दल आणखी लिहा ना.

पाणदिवा:

तटबंदी, लेख फार आवडला. मी पश्चिम लंडनमध्ये राहते. पार्क जिथून लढाई चालवत होते तो अक्सब्रिजचा बंकर आमच्यापासून जवळ आहे आणि आता तो सगळ्यांना बघता येतो. इकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेते.

७६ पायऱ्या उतरून साठ फूट खाली जायचं. खाली खोलीच्या मधोमध नकाशाचं भलंमोठं टेबल, वर अर्धगोल काचेमागे अधिकाऱ्यांच्या जागा. टेबलाभोवती महिला हवाई दलाच्या मुली उभ्या असायच्या, कानाला हेडफोन, हातात लांब काठी, आणि त्या काठीने शत्रूच्या तुकड्यांच्या खुणा पुढे सरकवत राहायच्या.

मला सगळ्यात भावतं ते भिंतीवरचं घड्याळ. तबकडीवर पाच-पाच मिनिटांचे त्रिकोण, लाल, पिवळा, निळा, असे फिरून फिरून. मिनिटकाटा ज्या रंगावर असेल त्या रंगाचा बाण टेबलावर ठेवायचा. म्हणजे वर बसलेल्या माणसाला एका नजरेत कळतं की कोणती बातमी ताजी आणि कोणती शिळी. विमान मिनिटाला चार-पाच मैल जातं, तेव्हा दहा मिनिटांपूर्वीची बातमी धरून हुकूम दिला तर वैमानिक रिकाम्या आभाळात जाणार. हा सगळा प्रश्न तीन रंगांत सोडवलेला आहे.

समोरच्या भिंतीवर प्रत्येक स्क्वाड्रनसाठी दिव्यांची रांग: तयार, उड्डाण, शत्रूशी गाठ, परत. १५ सप्टेंबर १९४० ला चर्चिल पत्नीसह इथेच बसले होते. एकेक करून सगळे दिवे पेटले. चर्चिलनी विचारलं, राखीव किती आहेत? पार्क म्हणाले, एकही नाही. तो प्रसंग चर्चिलनीच पुढे लिहून ठेवला आहे.

सुतळी, पार्क मूळचे न्यूझीलंडचे, १८९२ मध्ये थेम्स नावाच्या गावात जन्मले. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीत तोफखान्यात होते, फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत जखमी झाले, मग विमानदलात आले. १९४० मध्ये ते स्वतःचं हरिकेन लढाऊ विमान घेऊन तळांवर उतरायचे आणि वैमानिकांशी बोलायचे. लंडनमध्ये वॉटर्लू प्लेसला त्यांचा पुतळा आहे, पण तो उभा राहायला २०१० साल उजाडलं.

कातळवाट:

चांगला धागा. पण नाण्याची दुसरी बाजूही यायला हवी.

डाउडिंगना कटकारस्थान करून घालवलं, हे सांगणं सोपं आहे. ते ५८ वर्षांचे होते, त्यांच्या निवृत्तीची तारीख आधीच अनेकदा पुढे ढकलली गेली होती. सप्टेंबरपासून लंडनवर रात्री बॉम्ब पडत होते आणि रात्रीच्या हल्ल्याला फायटर कमांडकडे उत्तर नव्हतं. लोक भुयारी रेल्वेच्या स्थानकांत झोपत होते. अशा वेळी प्रमुख बदलावासा वाटणं साहजिक आहे.

दुसरं म्हणजे शेजारच्या १२ नंबर ग्रूपचे प्रमुख ली-मॅलरी आणि पार्क यांचं भांडण महिनोनमहिने धुमसत होतं. दोघांचे वरिष्ठ डाउडिंग. त्यांनी ते मिटवलं नाही. ही प्रमुखाची उणीव नाही का?

तिसरं, १२ नंबर ग्रूपमधले वैमानिक डग्लस बेडर आणि ली-मॅलरींचं ‘बिग विंग’ अगदीच टाकाऊ नव्हतं. तीन, मग पाच स्क्वाड्रन एकत्र करून आदळायच्या, ही ती कल्पना. १५ सप्टेंबरला लंडनवर पोचलेल्या जर्मन वैमानिकांना आधी सांगितलं गेलं होतं की ब्रिटनची विमानं संपत आली आहेत. आणि समोर १२ नंबर ग्रूपच्या डक्सफर्ड तळाहून आलेल्या पाच स्क्वाड्रन एकगठ्ठा! त्यांच्या मनावर काय परिणाम झाला असेल, विचार करा.

तटबंदी:

पाणदिवाताई, घड्याळाचं वर्णन वाचून अक्सब्रिजला जायची ओढ लागली.

कातळवाट, तुमचे मुद्दे वजनदार आहेत. भांडणाचा मुद्दा मला पूर्ण मान्य. डाउडिंगनी दोघांना समोर बसवून एक हुकूम द्यायला हवा होता, तो दिला नाही आणि त्याची किंमत पार्कनी मोजली.

१५ सप्टेंबरचा परिणामही मान्य. पण ती वेळ वेगळी होती. लक्ष्य होतं लंडन, म्हणजे जर्मनांना आत खोलवर यावं लागत होतं आणि डक्सफर्डच्या विमानांना जमायला सवड मिळाली. ऑगस्टमध्ये लक्ष्य होते केंट आणि ससेक्समधले तळ. रडारवर शत्रू दिसल्यापासून तो तळावर येईपर्यंत हाताशी वीसेक मिनिटं, त्यातली बरीच उंची गाठण्यात जाणार. पाच स्क्वाड्रन हवेत गोळा होईपर्यंत बिगिन हिलच्या तळावर बॉम्ब पडून गेलेले असते. पार्कची पद्धत होती एक-एक, दोन-दोन स्क्वाड्रन लगेच भिडवायची, हल्ला फोडायचा. पुढे स्वतः ली-मॅलरींनी ११ नंबर ग्रूप हाती घेतल्यावर १९४१ च्या सुरुवातीला सप्टेंबरमधल्या एका खऱ्या हल्ल्याचा कागदावर सराव केला, आपल्या पद्धतीने. त्यात विमानं जमिनीवर असतानाच तळांवर बॉम्ब पडले.

१७ ऑक्टोबर १९४० ची हवाई मंत्रालयातली बैठक मला सगळ्यात जास्त लागते. विषय होता लढाऊ डावपेच. बैठकीला डाउडिंग आणि पार्क यांच्यासमोर बसायला बेडरना आणलं गेलं, जे हुद्द्याने साधे स्क्वाड्रन लीडर होते. पार्कच्या हाताखाली रोज लढणाऱ्या स्क्वाड्रन लीडरांपैकी कुणालाही बोलावलं नव्हतं.

रात्रीच्या हल्ल्यांबद्दल: डाउडिंग सांगत होते की उत्तर आहे विमानात बसवलेलं रडार आणि ब्यूफायटर विमान, थोडा धीर धरा. वरून दबाव होता की साधी हरिकेनं रात्री उडवा. १९ नोव्हेंबरच्या रात्री जॉन कनिंगहॅमनी ब्यूफायटरमधून रडारच्या मदतीने पहिलं विमान पाडलं. डाउडिंग आठवड्याच्या आत पदावरून गेले. १९४१ च्या वसंतात त्याच मार्गाने रात्रीची बाजी पालटायला लागली.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. डाउडिंगचा मुलगा डेरेक या लढाईत ७४ नंबर स्क्वाड्रनमध्ये लढाऊ वैमानिक होता. भिंतीवरचे ते दिवे पेटत-विझत असताना बापाच्या मनात काय चालत असेल, ते त्यांनी कधी दाखवलं नाही. या लढाईत उडालेल्या सुमारे २९०० जणांपैकी ५४४ गेले.

अबोली_का_रुसली:

मस्त चाललाय धागा. मी आकाशातून समुद्रावर नेते.

अटलांटिकमधून येणारं धान्य आणि तेल बंद पडलं असतं तर स्पिटफायर लढाऊ विमानं असून उपयोग नव्हता. १९४१ मध्ये जर्मन पाणबुड्या ताफेच्या ताफे बुडवत होत्या आणि संरक्षक जहाजांच्या कप्तानांना त्या नेमकं काय करतात हेच कळत नव्हतं. जानेवारी १९४२ मध्ये लिव्हरपूलच्या डर्बी हाउसमध्ये गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाच्या अधिकाऱ्याला एक मजला देण्यात आला. क्षयामुळे आरमाराने त्यांना १९३८ मध्येच घरी पाठवलं होतं. हाताखाली दिल्या महिला आरमारी दलातल्या मुली, बहुतेक विशीतल्या, समुद्रावर कधी न गेलेल्या. जीन लेडलॉ हिशोबात तरबेज, जॅनेट ओकेल तर जेमतेम विशीची.

त्यांनी काय केलं बघा. जमिनीवर तपकिरी लिनोलियम अंथरून त्यालाच समुद्र मानलं. जहाजं म्हणजे लाकडाचे छोटे तुकडे. भोवती कॅनव्हासचे पडदे आणि त्यांत बारीक फटी. कप्तानाने फटीतून बघायचं, म्हणजे खऱ्या युद्धात रात्री डेकवरून जेवढं दिसेल तेवढंच दिसणार. जहाजांचा माग पांढऱ्या खडूने काढायचा आणि पाणबुडीचा हिरव्या. तो हिरवा खडू फटीतून तिरपं बघणाऱ्याला दिसायचाच नाही! प्रत्येक चालीला दोन मिनिटं. खेळ संपला की पडदे बाजूला, आणि कप्तान बघतो तर हिरवी रेघ त्याच्या ताफ्याच्या पोटातून गेलेली.

जुन्या हल्ल्यांच्या नोंदी असं पुन्हा पुन्हा खेळल्यावर रॉबर्ट्स आणि या मुलींना उलगडा झाला. सगळे समजत होते की पाणबुडी बाहेरून, लांबून टॉर्पेडो सोडते. प्रत्यक्षात ती रात्री पाण्याच्या पृष्ठभागावरून, मागच्या बाजूने ताफ्याच्या आत शिरत होती, आणि संरक्षक जहाजं पुढे धावून तिला बाहेर शोधत बसायची. त्यावर त्यांनी जो डाव रचला त्याला लेडलॉने ‘रास्पबेरी’ नाव दिलं: इशारा मिळताच सगळ्यांनी मागे वळून ताफ्याभोवती ठरलेल्या रेषेत शोध घ्यायचा. पुढे तिथले प्रमुख म्हणून सर मॅक्स हॉर्टन आले, स्वतः पहिल्या महायुद्धातले नावाजलेले पाणबुडी कप्तान. खेळायला बसले आणि ओकेलसमोर पुन्हा पुन्हा हरले. त्या खोलीतून युद्ध संपेपर्यंत सुमारे ५००० अधिकारी शिकून गेले.

मे १९४३ मध्ये एका महिन्यात जर्मनीच्या ४१ पाणबुड्या बुडाल्या आणि जर्मन आरमारप्रमुख डोनिट्झना त्या उत्तर अटलांटिकमधून मागे घ्याव्या लागल्या. लांब पल्ल्याची विमानं, नवं रडार, फुटलेली सांकेतिक भाषा, सगळ्याचा वाटा आहे त्यात. पण या मुलींचं नाव मी शाळेत, कॉलेजात कुठेच वाचलं नाही. इतिहास शिकवते मी, आता दरवर्षी वर्गात सांगते.

सुतळी:

अबोलीताई, तुमच्या वर्गातली मुलं भाग्यवान!

यंत्रतंत्र:

बायकांचा विषय निघालाच आहे तर बिॲट्रिस शिलिंग. फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात इंजिनीअर. लग्नाआधी ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन मोटारसायकल ताशी १०० मैलांच्या वर पळवून सुवर्णतारा मिळवलेली बाई.

स्पिटफायर आणि हरिकेनच्या मर्लिन इंजिनात एक खोट होती. विमानाचं नाक एकदम खाली दाबलं की कार्बोरेटरमधलं पेट्रोल वर फेकलं जायचं, इंजिन क्षणभर गुदमरायचं, आणि मग एकदम जादा पेट्रोल आल्याने पुन्हा बंद पडायला बघायचं. जर्मन मेसरश्मिटना थेट इंधन इंजेक्शन असल्याने हा त्रास नव्हता. त्यांचे वैमानिक हे ओळखून सरळ खाली सूर मारून निसटायचे.

शिलिंगनी काढलेला उपाय म्हणजे मधोमध भोक असलेली धातूची छोटी चकती. पेट्रोलच्या नळीत बसवायची, भोकातून इंजिनाला पूर्ण ताकदीवर लागेल तेवढंच पेट्रोल जाणार. इंजिन उतरवावं लागत नाही, विमान तळावरून हलवावं लागत नाही. १९४१ च्या सुरुवातीला त्या आपली माणसं घेऊन तळोतळी फिरल्या आणि चकत्या बसवून दिल्या. मी वर्कशॉपात आयुष्य काढलंय. चालू गाडा न थांबवता दुरुस्त करणं काय असतं ते मला माहीत आहे.

आणि टॉमी फ्लॉवर्स. लंडनच्या पॉप्लरमधल्या गवंड्याचा मुलगा, टपाल खात्याच्या डॉलिस हिल केंद्रात टेलिफोन एक्स्चेंजचा इंजिनीअर. जर्मन सेनानींचे लॉरेन्झ या सांकेतिक यंत्रातले संदेश फोडायला त्याने सुमारे १६०० व्हॉल्व्हचं (काचेच्या निर्वात नळ्यांचं) यंत्र सुचवलं. शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या ब्लेचली पार्क केंद्रातल्या जाणत्यांना वाटलं इतके व्हॉल्व्ह टिकणारच नाहीत. फ्लॉवर्सला एक्स्चेंजच्या अनुभवावरून ठाऊक होतं की व्हॉल्व्ह सारखे चालू-बंद केले तर जातात, अखंड चालू ठेवले तर टिकतात. खात्याचा पाठिंबा आणि स्वतःच्या खिशातले पैसे घालून त्याने ‘कोलोसस’ उभं केलं. फेब्रुवारी १९४४ मध्ये ते कामाला लागलं, सेकंदाला ५००० अक्षरं वाचायचं. सुधारित यंत्र नॉर्मंडीच्या चढाईआधी १ जूनला चालू झालं. युद्धानंतर त्याला १००० पौंड मिळाले, ते त्याने सहकाऱ्यांत वाटले. आराखडे जाळायचा हुकूम आला, त्याने ते डॉलिस हिलच्या भट्टीत जाळले आणि १९७० च्या दशकापर्यंत तोंड उघडलं नाही. जगातल्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकांपैकी एक बनवणारा माणूस तीस वर्षं गप्प राहिला.

बेळगावचा_मावळा:

तटबंदी, महाराष्ट्राशी संबंध असलेलं विचारलंत म्हणून लिहितो. आमच्या घरात मराठा लाइट इन्फंट्रीची परंपरा आहे, त्यामुळे केरेन हे नाव लहानपणापासून कानावर आहे. बाहेर मात्र कुणाला सांगितलं की विचारतात, हे कुठे आलं?

केरेन पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियात. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इटालियन सैन्य तिथे डोंगरांवर ठाण मांडून बसलं होतं. अस्मारा आणि मसावा बंदराकडे जाणारा रस्ता आणि रेल्वे डोंगोलास नावाच्या अरुंद खिंडीतून जाते, दोन्ही बाजूंना उभे कडे. चौथी आणि पाचवी हिंदी डिव्हिजन, म्हणजे आपलीच माणसं मोठ्या संख्येने, खालून वर चढत होती. पाणी, दारूगोळा, सगळं पाठीवर. सावली नाही, आणि वरून मशीनगन आणि हातबॉम्ब. फेब्रुवारीतले हल्ले परतवले गेले.

१५ मार्चला मोठा हल्ला सुरू झाला. डोलोगोरोडोक किल्ल्याच्या वाटेवरच्या टेकड्यांपैकी ‘फ्लॅट टॉप’ ही तिसऱ्या-पाचव्या मराठा बटालियनच्या (पाचव्या रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनच्या) वाट्याला आली. सकाळी दुसऱ्या एका पलटणीचा हल्ला उन्हात आणि गोळ्यांत अडकून पडला होता. मराठ्यांनी त्या दिवशी फ्लॅट टॉप घेतली, मोठी किंमत देऊन. पाठोपाठ पिनॅकल टेकडी पडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत किल्ला. इटालियन सैन्याने पुन्हा पुन्हा प्रतिहल्ले केले, ती जागा सुटली नाही. २७ मार्चला केरेन पडलं, १ एप्रिलला अस्मारा, ८ ला मसावा.

आता याचा परिणाम बघा. तांबडा समुद्र मोकळा झाला. त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तांबडा समुद्र युद्धक्षेत्रातून वगळल्याचं जाहीर केलं. अमेरिका अजून युद्धात नव्हती, तिच्या जहाजांना युद्धक्षेत्रात जायला कायद्याने बंदी होती. आता ती थेट सुएझला माल उतरवू शकत होती. उत्तर आफ्रिकेत जर्मन सेनानी रोमेलशी लढणाऱ्या ब्रिटिश आठव्या सैन्याला पुढे जी रसद मिळाली तिची एक वाट फ्लॅट टॉपवरून गेली, असं मी म्हणेन. त्या सैन्याची एल अलामीनची लढाई सगळ्यांना माहीत आहे, केरेन कुणालाच नाही.

याच तिसऱ्या-पाचव्या बटालियनमध्ये होते माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. अगदी जवळून आलेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे पडले किंवा जखमी झाले. ते एकटे ठाण्यावर धावून गेले, हातबॉम्बने गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. बंदूक भरायला सवड नव्हती म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या आणि ते तिथेच गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. आणि पहिल्या-पाचव्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले: ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाण्यातून पलीकडे आणलं, परत फिरून मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली, मग बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं. दोन व्हिक्टोरिया क्रॉस, दोन्ही आपल्या मातीतले. शाळेच्या पुस्तकात यांच्यावर पानभर मजकूर का नसावा?

कातळवाट:

मावळा, अंगावर काटा आला. केरेनचा नकाशा उघडून बसलोय.

तटबंदी, तुमचं उत्तर पटलं, ऑगस्ट आणि सप्टेंबरमधला फरक मी इतका बारकाईने पाहिला नव्हता. पण इन्स्किपबद्दल एक शंका आहे. त्यांनी लढाऊ विमानं निवडली ती स्वस्त म्हणून. तिजोरी वाचवायची होती. मग त्याला दूरदृष्टी म्हणायचं का?

तटबंदी:

खर्चाचा विचार होताच, तो त्यांनी लपवलाही नाही. एका जड बॉम्बफेक्याच्या पैशात कितीतरी लढाऊ विमानं होतात. पण नुसती तिजोरीच बघायची असती तर दोन्हींना कात्री लावता आली असती. त्यांनी युद्धाचा एक अंदाज मांडला. जर्मनीला झटपट विजय हवा असेल, कारण लांबलेलं युद्ध तिला झेपणार नाही. आपण पहिला घाव सोसला तर पुढे आपलं आरमार, आपला व्यापार, आपलं साम्राज्य उपयोगी पडेल. म्हणून आधी तो घाव अडवा. हवाई दलाचे वरिष्ठ आणि हवाई मंत्री स्विंटन यांचा विरोध असताना एका वकिलाने हे लावून धरलं. आणि १९३७ मध्ये हे शक्य झालं कारण तोवर रडार चालणार हे सिद्ध झालं होतं. हल्ला येताना दिसणारच नसेल, तर लढाऊ विमानांवर पैसा ओतण्यात अर्थ नव्हता. विल्किन्सची आकडेमोड, डाउडिंगची व्यवस्था आणि इन्स्किपचा निर्णय, यातला एक जरी काढला तरी बाकीचे दोन लुळे पडतात.

सुतळी, पार्कचं राहिलं होतं. जुलै १९४२ मध्ये त्यांना भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर पाठवलं. तिथे त्यांनी तीच पद्धत वापरली, विमानं बेटावर पोचायच्या आत समुद्रावर गाठायची, आणि दिवसाचे हल्ले थोड्याच आठवड्यांत आटोक्यात आणले. नोव्हेंबर १९४४ मध्ये आग्नेय आशियाच्या हवाई दलाचे प्रमुख म्हणून निघालेले ली-मॅलरी आल्प्समध्ये विमान अपघातात गेले. त्या जागेवर पार्क आले. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात इरावती ओलांडून रंगूनकडे निघालेल्या स्लिमच्या चौदाव्या सैन्याला, ज्यात बहुसंख्य हिंदी जवान होते, जी रसद विमानांनी पोचत होती ती पार्कच्या हाताखालून. म्हणजे आपल्या जवानांच्या तोंडचा घास या माणसाच्या हिशोबावर अवलंबून होता, आणि आपल्याकडे त्याचं नाव कुणी घेत नाही.

मावळा, केरेनवर स्वतंत्र धागा काढाच, नकाशांसकट. तुमच्या घरी पलटणीच्या आठवणी, फोटो, पत्रं असतील तर तीही टाका. अबोलीताई, रॉबर्ट्सच्या त्या मुलींबद्दलही वेगळं लिहा, युद्धानंतर त्यांचं काय झालं ते वाचायचं आहे.

पाणदिवा:

मावळा, धागा काढलात की सांगा. इथल्या ओळखीच्या मराठी मंडळींना पाठवते. त्यांच्यातल्या एका आजोबांचे वडील केरेनला होते, त्यांना विचारून जे कळेल ते तिथे लिहीन.